पहिल्या तक्रारीची दाद

एखाद्या मोठ्या कंपनीत स्त्रियांचा छळ होतो, बढती आणि वागणूक यांत त्यांच्याशी दुजाभाव केला जातो, असा आरोप जाहीर झाला की समाजात त्याचे पडसाद कसे उमटावेत याची रीत आता जवळजवळ ठरून गेली आहे. पहिल्या दिवशी आश्चर्य, दुसऱ्या दिवशी संताप, तिसऱ्या दिवशी कंपनीचे खेद व्यक्त करणारे पत्रक, आणि महिना उलटतो न उलटतो तोच सार्वत्रिक विस्मृती! हा क्रम वारंवार पाहिलेली माणसे मग या संतापाकडे उपहासाने पाहू लागतात. आरंभशूरांचा उत्साह तो, चार दिवसांत ओसरेल, असे म्हणून मोकळी होतात. उलटपक्षी, लोकमताचा रेटा बसला की अन्यायाचे परिमार्जन झालेच, असे समजणारा भाबडा वर्गही समाजात आहे. या दोन्ही समजुती वस्तुस्थितीला धरून नाहीत. लोकक्षोभाने काही गोष्टी निश्चित घडतात. काही मात्र त्याच्या आवाक्याबाहेरच्या असतात. ही मर्यादा नेमकी कोठे आहे हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील एका बहुचर्चित प्रकरणाचा आढावा घेणे उपयुक्त ठरेल.

उबर या कंपनीचे नाव हैदराबाद, वडोदरा, इंदूर यांसारख्या शहरांतील वाचकांना अपरिचित नाही. हातातील दूरध्वनीवरून भाड्याची मोटार बोलावण्याची सोय करून देणारी ही कंपनी २००९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झाली आणि अवघ्या काही वर्षांत जगभर पसरली. या कंपनीत नोव्हेंबर २०१५ मध्ये सुसान फाउलर ही तरुण अभियंता नोकरीस लागली. डिसेंबर २०१६ मध्ये तिने ती नोकरी सोडली आणि १९ फेब्रुवारी २०१७ रोजी त्या वर्षभराचा वृत्तान्त स्वतःच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केला. त्यात आक्रस्ताळेपणा नव्हता, विशेषणांची आतषबाजीही नव्हती. घडलेल्या गोष्टी एकामागून एक, हिशेबाच्या वहीत नोंदी कराव्यात तशा, तिने मांडल्या होत्या.

तिने लिहिले होते ते असे. प्रशिक्षण संपवून ती ज्या गटात रुजू झाली, तेथे पहिल्याच दिवशी तिच्या वरिष्ठाने कंपनीच्याच संदेशयंत्रणेवरून तिला अनुचित संदेश पाठवले. तिने त्यांची चित्रे जपून ठेवली आणि ती मनुष्यबळ विभागापुढे ठेवली. उत्तर मिळाले की, या गृहस्थाचा हा पहिलाच अपराध आहे, शिवाय त्याचे काम उत्तम आहे. सबब त्याला समज देण्यापलीकडे काही करता येणार नाही. तिने हवे तर दुसरा गट शोधावा. त्याच गटात राहिल्यास तो वरिष्ठ तिच्या कामाविषयी प्रतिकूल शेरा मारण्याचा संभव आहे, आणि तसे झाल्यास तो सूड मानला जाणार नाही, कारण निवड तिची तिनेच केलेली असेल! पुढे काही महिन्यांनी इतर स्त्री-अभियंत्यांशी बोलणे झाले, तेव्हा तिला कळले की त्याच माणसाविरुद्ध यापूर्वीही तक्रारी झाल्या होत्या. म्हणजे ‘पहिला अपराध’ हा शब्दप्रयोग प्रत्येक तक्रारदार स्त्रीपुरता नव्याने वापरला गेला होता.

दुसरा प्रसंग वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तिच्या विभागातील सर्वांना कातडी जाकिटे देण्याचे ठरले. विभागात पुरुष सव्वाशेच्या आसपास आणि स्त्रिया उरल्या होत्या अवघ्या सहा. पुरुषांच्या जाकिटांना घाऊक खरेदीची सवलत मिळाली. सहा जाकिटांना ती मिळेना. तेव्हा स्त्रियांची जाकिटे रद्द झाली. याबद्दल विचारणा करताच वरिष्ठांनी उत्तर दिले की, स्त्रियांना खरोखर समानता हवी असेल तर जाकीट न मिळण्यातच ती आहे, हे त्यांनी ओळखावे. त्यांच्यासाठी अधिक खर्च करणे हाच पक्षपात ठरेल. ती रुजू झाली त्या वेळी त्या विभागात स्त्रियांचे प्रमाण शेकडा पंचवीसहून अधिक होते. वर्षभराच्या आत ते शेकडा सहाच्याही खाली आले होते. सहा जणींना सवलत का मिळू नये हा प्रश्न गौण होता. त्या सहाच का उरल्या, हा खरा प्रश्न होता. आणि तो वरिष्ठांपैकी कोणाला पडल्याचे तिच्या वृत्तान्तात दिसत नाही.

हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला त्याच दिवशी कंपनीचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी ट्रॅव्हिस कॅलनिक यांनी या प्रकारांचा तीव्र निषेध केला आणि तातडीने चौकशी करण्याचे जाहीर केले. अमेरिकेचे माजी ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्याकडे ती चौकशी सोपवण्यात आली. ज्या तक्रारीला कंपनीच्या अंतर्गत विभागात वर्षभर दाद मिळाली नाही, तिची दखल घ्यायला जाहीर वाच्यता झाल्यावर एक दिवसही लागला नाही. पुराव्यात तर काडीचाही फरक पडलेला नव्हता. तेच संदेश, तीच चित्रे, तीच स्त्री. फरक पडला होता तो पाहणाऱ्यांच्या संख्येत.

अशा प्रसंगी ‘लोक संतापले’ असे आपण सरसकट म्हणतो. परंतु हे लोक एकजिनसी नसतात. उबरच्या बाबतीत तीन निरनिराळे वर्ग क्षुब्ध झाले होते आणि तिघांची कारणे निरनिराळी होती. ग्राहकांचा वर्ग आधीच नाराज होता. जानेवारी २०१७ च्या अखेरीस एका वेगळ्याच राजकीय वादातून काही लाख ग्राहकांनी कंपनीची सेवा सोडली होती. फाउलर यांच्या वृत्तान्ताने त्या असंतोषात भर घातली. दुसरा वर्ग गुंतवणूकदारांचा. मिच केपर आणि फ्रीडा केपर क्लाइन या दांपत्याने कंपनीच्या आरंभकाळी तीत पैसा गुंतवला होता. त्यांनी फेब्रुवारीतच जाहीर पत्र लिहून कळवले की, आतल्या आत सांगून पाहिले, परंतु त्याचा उपयोग झाला नाही. गुंतवणूकदाराने आपल्याच कंपनीविरुद्ध असे जाहीर लिहावे, ही गोष्ट व्यापारजगतात विरळाच. तिसरा वर्ग होता खुद्द कर्मचाऱ्यांचा. फाउलर यांच्या लेखणीने त्यांची जीभ मोकळी केली आणि आजवर मनात दडपून ठेवलेल्या तक्रारी नोंदवल्या जाऊ लागल्या.

या तक्रारींची छाननी दुसऱ्या एका स्वतंत्र कायदेसंस्थेने केली. एकूण तक्रारी २१५ होत्या. त्यांपैकी भेदभावाच्या ५४, लैंगिक छळाच्या ४७, अशिष्ट वर्तनाच्या ४५ आणि दमदाटीच्या ३३. उरलेल्या इतर प्रकारच्या. जून २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले की, वीसहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले आहे, शंभर तक्रारींत काहीही कारवाई करण्यात आलेली नाही, आणि ५७ अद्याप विचाराधीन आहेत. लोकक्षोभाच्या ऐन भरात असलेल्या वाचकाला शंभराचा तो आकडा खटकेल. कंपनीच्या कैवाऱ्याला तोच आकडा सोयीचा वाटेल. परंतु तक्रार आली की ती खरीच, असे धरून चालणे आणि तक्रार आली की ती खोटीच, असे धरून चालणे, या दोहोंपैकी कशालाही चौकशी म्हणत नाहीत. २१५ तक्रारी एकेक करून तपासल्या गेल्या, ही या आकड्यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. वर्षभरापूर्वी त्यांतील एक तक्रार सचित्र पुराव्यासह आली असताना ती तपासून पाहण्याचीसुद्धा तसदी घेतली गेली नव्हती.

१३ जून २०१७ रोजी होल्डर यांच्या शिफारशी कर्मचाऱ्यांपुढे ठेवण्यात आल्या. त्यांचा संपूर्ण अहवाल प्रसिद्ध झाला नाही. केवळ शिफारशी बाहेर आल्या. त्या वाचल्या म्हणजे दुजाभाव किती बारीकसारीक रूढींतून वावरत असतो, हे ध्यानात येते. कंपनी आपल्या नोकरवर्गाला रात्रीचे जेवण देत असे. परंतु त्याची वेळ इतकी उशिराची होती की घरी मुलेबाळे किंवा जोडीदार वाट पाहत असलेल्या माणसाला त्याचा लाभच घेता येत नसे. ही वेळ अलीकडे आणावी, अशी एक शिफारस होती. कचेरीतील मद्यपानाला आळा घालावा, अशी दुसरी. दुसऱ्याच्या पायावर पाय देऊन पुढे जाण्याला कंपनीने आपल्या मूल्यांत स्थान दिले होते; ते काढून टाकावे, अशी तिसरी. याच शिफारशी समजावून देण्यासाठी भरलेल्या सभेत संचालक मंडळावर आणखी स्त्रिया घेण्याचा विषय निघाला, तेव्हा डेव्हिड बॉन्डरमन या संचालकांनी, तसे झाले तर बडबड वाढेल, अशा आशयाचा विनोद केला. रोगाचे निदान वाचून दाखवले जात असतानाच रोग्याने लक्षण दाखवावे, तसा हा प्रकार झाला! त्यांनी क्षमा मागितली आणि त्याच दिवशी पद सोडले. २० जून रोजी पाच बड्या गुंतवणूकदारांच्या दडपणाखाली कॅलनिक यांनीही राजीनामा दिला. अर्थात त्या राजीनाम्यामागे केवळ हे एकच प्रकरण नव्हते. कंपनीमागे त्या काळात इतरही खटले आणि वाद लागले होते.

येथपर्यंतचे कार्य लोकक्षोभाचे. प्रमुख बदलला, काही माणसे गेली, वृत्तपत्रांतील मथळे विरले. परंतु छळाला पाठीशी घालणारी माणसे जाणे आणि पाठीशी घालण्याची सोय जाणे, या भिन्न गोष्टी आहेत. ही सोय होती अमेरिकेतील नोकरीच्या करारांत. नोकरी धरताना ज्या कागदावर सही करावी लागते, त्यातच अनेक कंपन्या एक कलम घालून ठेवीत: पुढे वाद उपस्थित झाल्यास न्यायालयात न जाता तो खाजगी लवादापुढे न्यावा. लवादाचे काम बंद दाराआड चालते. परिणामी एकीची तक्रार दुसरीला कळत नाही, आणि प्रत्येक अपराध हा ‘पहिलाच’ ठरतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण येथे अक्षरशः खरी होती; मूठ झाकलेली राहावी म्हणून कंपन्या लवादाचे कलम पदरी बाळगीत होत्या.

या कलमावर पहिला मोठा आघात कर्मचाऱ्यांनी केला. उबरने मे २०१८ मध्ये लैंगिक छळाच्या वैयक्तिक तक्रारींपुरती ही सक्ती मागे घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने वृत्त दिले की, गूगल कंपनीने लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झालेल्या एका उच्चाधिकाऱ्याला, आरोप विश्वसनीय असल्याचे आढळल्यानंतरही, निरोपादाखल नऊ कोटी डॉलर देऊ केले होते. त्या अधिकाऱ्याने आरोपाचा इन्कार केला. परंतु कर्मचाऱ्यांचा रोष त्या एका व्यक्तीवर नव्हता, हे त्यांच्या मागण्यांवरूनच दिसते. १ नोव्हेंबर २०१८ रोजी जगभरातील कचेऱ्यांतून सुमारे वीस हजार कर्मचारी काम थांबवून रस्त्यावर आले आणि त्यांनी लवादाची सक्ती रद्द करा, समान वेतन द्या, तक्रारीसाठी सुरक्षित व्यवस्था करा, अशा मागण्या केल्या. आठवडाभरात गूगलने छळाच्या तक्रारींपुरती ती सक्ती उठवली. मार्च २०१९ पासून आपल्या कर्मचाऱ्यांच्या इतर वादांनाही ती लागू राहणार नाही असे ठरवले. या आंदोलनाची किंमतही कोणाला तरी मोजावी लागली. दोन आयोजक स्त्रियांनी, आपल्यावर सूड उगवला जात आहे, असे पुढल्या वर्षी जाहीरपणे सांगितले आणि नंतर नोकरी सोडली. कंपनीने तो आरोप नाकारला.

अखेर ३ मार्च २०२२ रोजी अमेरिकेत कायदाच झाला. लैंगिक अत्याचार आणि लैंगिक छळ यांच्या तक्रारींत लवादाची सक्ती करता येणार नाही. न्यायालयात जायचे की लवादापुढे, हे तक्रारदाराने ठरवावे, असे या कायद्याने मान्य केले. मात्र वेतन, बढती वा वर्ण यांवरून होणाऱ्या भेदभावाच्या निव्वळ तक्रारींना हा कायदा लागू नाही. समाजाचा संताप ज्या विषयावर सर्वाधिक होता तेवढ्यावरच कायदा थांबला. जाकिटाचा अन्याय अद्याप लवादाच्या दाराआडच आहे. लोकमताची शक्ती आणि मर्यादा, दोन्ही या एका उदाहरणात दिसून येतात.

उबरपुरती याहून एक अधिक मोलाची गोष्ट डिसेंबर २०१९ मध्ये घडली. तिची वार्ता मात्र फार थोड्यांच्या कानी गेली. अमेरिकी सरकारच्या समान रोजगार संधी आयोगाशी झालेल्या समझोत्यात कंपनीने ४४ लाख डॉलरचा निधी पीडितांसाठी देण्याचे मान्य केले. त्याचबरोबर, ज्याच्याविरुद्ध एकाहून अधिक तक्रारी आल्या आहेत असा कर्मचारी ओळखून काढण्याची व्यवस्था ठेवण्याचेही मान्य केले. तसे पाहिले तर ही नोंदवहीतील एका रकान्याची बाब. परंतु तो रकाना आधी असता, तर ‘हा त्याचा पहिलाच अपराध’ असे सुसान फाउलरला कोणालाही सांगता आले नसते. लाखो लोकांच्या संतापाने जे साधायचे होते, ते शेवटी या रकान्यात येऊन स्थिरावले.

आता आपल्या देशाकडे वळले म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. अमेरिकेत जी व्यवस्था कंपन्यांच्या मर्जीवर होती, ती येथे कायद्याने अनिवार्य आहे. राजस्थानात बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या भँवरीदेवी या साथिनीवर १९९२ साली अत्याचार झाला. त्यातून उद्भवलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल देऊन कामाच्या ठिकाणी पाळावयाचे नियम घालून दिले. त्याचे कायद्यात रूपांतर व्हायला सोळा वर्षे लागली. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, एक सदस्य बाहेरचा असावा, आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी. लहान दुकानातील वा घरकामातील स्त्रीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी स्थानिक समिती आहे. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्याने स्पष्ट केले आहे.

कागदावर एवढे असून प्रत्यक्षात काय आहे, हे गोव्यातील एका प्रकरणाने दाखवून दिले. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाला अशा तक्रारींवरून सेवेतून काढण्यात आले होते. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरवून प्रकरण फेरचौकशीसाठी परत पाठवले. समितीने चौकशी घाईघाईने उरकली, आणि आरोपीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, हे त्याचे कारण. तक्रारी खऱ्या की खोट्या, हा निर्णय न्यायालयाने दिलेला नाही. परंतु घाईचा परिणाम दोन्ही पक्षांना भोगावा लागला. आरोपीची अनेक वर्षे गेली, आणि तक्रारदारांनाही न्यायासाठी पुन्हा आरंभापासून उभे राहावे लागले. त्याच निकालपत्रात न्यायालयाने, कायदा होऊन दशक लोटले तरी त्याच्या अंमलबजावणीत गंभीर उणिवा आहेत, असा खेद व्यक्त केला, आणि सरकारी खाती, विद्यापीठे, व्यावसायिक मंडळे इत्यादी ठिकाणी समित्या आहेत की नाहीत याची मुदतबंद तपासणी करण्याचे आदेश दिले.

यावरून सामान्य नागरिकाने काय बोध घ्यावा? आरोप कानी आला की बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो त्या स्त्रीला: तेव्हाच का सांगितले नाहीस? फाउलर प्रकरणाचे उत्तर असे की, सांगितले होते. पहिल्याच दिवशी, लेखी, पुराव्यासह. तेव्हा हा प्रश्न तिच्याऐवजी संस्थेला विचारला पाहिजे. सांगितले तेव्हा काय केलेत? समिती आहे काय? तिच्या सदस्यांची नावे कचेरीत सर्वांना दिसतील अशी लावली आहेत काय? बाहेरचा सदस्य खरोखर बाहेरचा आहे, की संचालकांचाच स्नेही? हे प्रश्न विचारण्यासाठी कोणाच्या खाजगी आयुष्यात डोकावण्याची गरज नाही. तक्रारदाराची आणि चौकशीची गुप्तता पाळण्याचे बंधन आपल्या कायद्याने घातले आहे आणि ते योग्यच आहे. समिती अस्तित्वात आहे की नाही, हे गुप्त ठेवण्याचे बंधन मात्र कोठेही नाही.

कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत छळाच्या तक्रारींची संख्या द्यावी लागते. तेथे शून्य दिसले की भागधारक समाधानाने पान उलटतात. हजारो माणसे काम करीत असलेल्या ठिकाणी वर्षानुवर्षे शून्यच येत असेल, तर ते सद्वर्तनाचे लक्षण असेल, किंवा सांगून उपयोग नाही अशी सर्वांची खात्री पटल्याचेही असेल. याउलट बारा तक्रारी आल्या, बारांची चौकशी झाली आणि तक्रार करणाऱ्या बाराही जणी अजून कामावर आहेत, अशी कंपनी त्या शून्यापेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह होय.

लोकक्षोभाला कमी लेखण्याचे कारण नाही. तो नसता तर उबरमधील २१५ तक्रारी कोणी मोजल्याही नसत्या. परंतु तो एखाद्याच स्त्रीच्या वाट्याला येतो. सुरेख लिहिता येणारी, दुसरी नोकरी मिळवू शकणारी, जगाने ऐकावे अशा कंपनीत काम करणारी अशी एखादीच असते. बेळगावच्या कापडदुकानातील, वास्कोच्या गोदामातील किंवा ग्वाल्हेरच्या शाळेतील स्त्रीसाठी जग खडबडून जागे होणार नाही. तिच्या तक्रारीची बातमी छापून येणार नाही, कोणी गुंतवणूकदार तिच्यासाठी पत्र लिहिणार नाही. तिच्याजवळ असतो एक कागद, आणि तो कोणाच्या हाती द्यावा हा प्रश्न. तो कागद घेणारे माणूस नेमलेले असणे, त्याने त्यावर तारीख घालून पोच देणे, आणि नव्वद दिवसांच्या आत उत्तर देणे, एवढीच तिची मागणी आहे. आणि कायद्याने ती केव्हाच मान्य केलेली आहे.